शेजारच्या बेडला मोठं मशीन, आमच्या माणसाला फक्त नळी का?

संध्याकाळी भेटीची वेळ झाली की आयसीयूत आलेले नातेवाईक आधी आपल्या माणसाकडे बघतात आणि दुसऱ्याच क्षणी शेजारच्या बेडकडे. मग प्रश्न येतो: "डॉक्टर, त्या चार नंबरच्या आजींना तोंडावर पट्ट्यांनी बांधलेला मास्क आणि एवढं मोठं मशीन. आमच्या भावाला नुसती नाकात नळी. बरं, आजींचं सॅच्युरेशन ९० आणि याचं ९३. म्हणजे आमचा भाऊ बराच म्हणायचा ना?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो नीट बसून सोडवावासा वाटतो. कारण उत्तर बहुतेकदा उलटं असतं. नाकात नळी असलेला तो छत्तीस वर्षांचा भाऊ त्या आजींपेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

हे दोन रुग्ण डोळ्यांसमोर धरूनच पुढे जाऊ. आजींचं वय अडुसष्ट. विडी-सिगारेट कधी नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेला. त्या धुराने श्वासनलिका कायमच्या आकसल्या. या आजाराला सीओपीडी म्हणतात. गेल्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला आणि दम एकदम वाढला. भावाला मात्र दोन्ही फुफ्फुसांचा न्यूमोनिया आहे. आधी अगदी ठणठणीत, चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी जिना चढता येईना.

दोघांनाही 'दम लागलाय', पण आत बिघडलंय ते वेगवेगळं.

फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे असतात, तीस ते पन्नास कोटी. फुग्याच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. हे सगळं चालू ठेवायला लोहाराच्या भात्यासारखी कुणालातरी सतत हवा आतबाहेर करावी लागते. ते काम छातीच्या पडद्याचं आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचं. न्यूमोनियात फुगे पू आणि पाण्याने भरतात. तिथून जाणारं रक्त प्राणवायू न घेता तसंच पुढे निघून जातं. भाता मात्र शाबूत असतो, उलट जोरजोरात चालतो. कार्बन डायऑक्साइड तर सहज बाहेर पडणारा वायू आहे. उरलेल्या चांगल्या फुग्यांतून तो निघून जातो, म्हणून सुरुवातीला रक्तात तो नेहमीपेक्षा कमीच सापडतो.

आजींचं उलटं आहे. नळ्या अरुंद, त्यामुळे आत गेलेली हवा पूर्ण बाहेर येत नाही, छाती फुगलेलीच राहते आणि भाता थकतो. श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आंबट होतं. हा वायू वाढला की गुंगी येते. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. रात्रभर धापा टाकणारा सीओपीडीचा रुग्ण सकाळी अचानक शांत झोपला, तर घरचे म्हणतात, "आज छान झोप लागली." कधीकधी ती झोप नसते, ती गुंगी असते. हाक मारून बघा. डोळे उघडून नीट उत्तर देत नसेल, तर क्षणभरही थांबू नका.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर हे दाखवत नाही. त्याला फक्त रक्तातला प्राणवायू, म्हणजेच सॅच्युरेशन, कळतो, कार्बन डायऑक्साइड कळत नाही. म्हणून आम्ही मनगटाच्या धमनीतून रक्त घेतो. ही सुई नेहमीच्या सुईपेक्षा जास्त दुखते हे आम्हाला माहीत आहे, पण एबीजी नावाच्या त्या तपासणीशिवाय दोघांतला फरक कळत नाही.

आता साध्या ऑक्सिजनपासून सुरुवात करू.

आपल्या भोवतालच्या हवेत प्राणवायू असतो २१ टक्के. नाकातल्या साध्या नळीतून मिनिटाला ४ लिटर शुद्ध ऑक्सिजन सोडला, तरी फुफ्फुसात शुद्ध ऑक्सिजन जात नाही. शांत बसलेला माणूस श्वास आत घेताना साधारण मिनिटाला ३० लिटरच्या वेगाने हवा ओढतो. त्यातले ४ लिटर नळीतले, उरलेले २६ लिटर खोलीतली हवा. दुधात पाणी मिसळावं तसं. ढोबळ हिशेब केला तर मिश्रण होतं ३२ टक्क्यांच्या आसपास. तोच माणूस धापा टाकायला लागला की ६० लिटरच्या वेगाने ओढतो. नळी तीच, ४ लिटर तेच, पण मिश्रण उतरतं २६ टक्क्यांवर. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात पातळ दूध मिळतं. साध्या नळीची खरी मर्यादा ही आहे.

साधा मास्क यापुढचा. तो ५ लिटरच्या खाली चालवायचा नाही, नाहीतर आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत येतो. त्यापुढे खाली पिशवी लोंबणारा मास्क, एनआरबीएम. तो १० ते १५ लिटरवर चालतो आणि पिशवी कायम फुगलेली दिसली पाहिजे. आणि एक रंगीत टोपणांचा व्हेंचुरी मास्क: निळं टोपण २४ टक्के, पांढरं २८, पिवळं ३५, लाल ४०, हिरवं ६०. स्वस्त, साधा आणि आपल्याकडे हवा तितका न वापरला जाणारा. रुग्ण कितीही जोरात श्वास घेवो, मिश्रण बरंचसं ठरलेलंच राहतं.

आजींसारख्यांना हे नेमकं मिश्रण फार महत्त्वाचं. सीओपीडीत भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अँब्युलन्समध्येच याची परीक्षा झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात धाप लागलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना सरसकट जास्त ऑक्सिजन दिला, काहींना सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये राहील इतकाच मोजून दिला. सरसकटवाल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. म्हणून आजींच्या मॉनिटरवर ९० दिसतं ते आमचं दुर्लक्ष नाही, तो आकडा आम्ही मुद्दाम तिथे ठेवलेला असतो. कृपया आपण होऊन ऑक्सिजनच्या मीटरमधला बॉल वर चढवू नका.

आजींचा भाता थकलाय. त्यांना प्राणवायूपेक्षा जास्त गरज आहे ती भात्याला हात लावणाऱ्या मदतनीसाची. ते काम बायपॅप करतं. श्वास आत घेताना मशीन जोरात हवा ढकलतं, सोडताना दाब कमी करतं पण शून्यावर आणत नाही. म्हणूनच मास्क घट्ट बांधावा लागतो. फट राहिली तर दाब निघून जातो.

या मदतीचा पुरावा भक्कम आहे. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ब्रोशार या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली सीओपीडी बळावलेल्या ८५ रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांत ७४ टक्के रुग्णांना घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला, मास्कच्या गटात २६ टक्क्यांना. मृत्यू २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. एका मास्कने एवढा फरक पडल्याची उदाहरणं वैद्यकात फार थोडी आहेत.

सीपॅप हा बायपॅपचा साधा भाऊ. त्यात दाब एकच, श्वास घेताना आणि सोडताना सारखा. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, एकदा थोडा फुगला की पुढे सोपं. सीपॅप फुग्यांना पूर्ण मिटूच देत नाही. नवजात बाळांच्या विभागात याचं फार सुंदर रूप दिसतं: बाळाच्या नाकाला जोडलेल्या नळीचं दुसरं टोक पाच सेंटीमीटर पाण्यात बुडवलेलं असतं आणि बुडबुडे येत राहतात. तेवढ्या पाण्याचा दाब, तोच सीपॅप. मोठ्यांच्या मशीनवर दाबाचा आकडा आजही सेंटीमीटर पाण्यातच लिहिलेला असतो. हृदय कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी भरलं, तर सीपॅप किंवा बायपॅपने धाप लवकर बसते. ब्रिटनमधल्या हजारावर रुग्णांच्या २००८ च्या अभ्यासात मात्र त्यामुळे सात दिवसांतले मृत्यू काही कमी झाले नाहीत. आराम लवकर पडला, आणि जीव गुदमरणाऱ्या माणसाला तेही थोडं नसतं.

मास्क बांधलेल्या रुग्णाजवळ बसणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो. मास्क नाकाच्या हाडावर रुततो, तिथे जखम होऊ शकते. लाल दिसलं तर सिस्टरना दाखवा. पहिला अर्धा तास रुग्ण घाबरतो, कोंडल्यासारखं वाटतं, मास्क ओढतो. त्या अर्ध्या तासात हात धरून "हवा आत येऊ दे, मशीनबरोबर श्वास घे" असं सांगणारं घरचं माणूस औषधाइतकं उपयोगी पडतं. पण मास्क जरा वर करून घोटभर चहा पाजू नका. मशीनची हवा पोटातही जाते, पोट फुगतं, उलटी झाली तर मास्कमुळे ती बाहेर पडत नाही आणि थेट फुफ्फुसात उतरते. अर्धवट शुद्धीतल्या, सतत उलट्या होणाऱ्या किंवा कफ बाहेर टाकता न येणाऱ्या रुग्णाला मास्क लावायला आम्ही कचरतो तेही याच भीतीने.

आता भावाकडे वळू. त्याच्या नाकातली नळी साधी नाही. जरा जाड आहे, गरम आहे, आणि तिला जोडलेल्या डब्यात पाणी तापतंय. हे एचएफएनसी, म्हणजे हाय फ्लो नेझल कॅन्युला, जोरदार झोताची नाकातली नळी. मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा, शरीराच्या तापमानाला तापवलेली, पूर्ण ओलसर, आणि तिच्यातला ऑक्सिजन २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत हवा तेवढा. मघाचा दुधा-पाण्याचा हिशेब आठवा. रुग्ण ६० लिटरने ओढतोय आणि मशीनही ६० लिटर पुरवतंय, मग पाणी मिसळायला जागाच उरत नाही. शिवाय नाका-घशात अडकून राहिलेली वापरलेली हवा या झोताने धुतली जाते, म्हणजे प्रत्येक श्वास थोडा जास्त कामाचा होतो. कोरडा थंड ऑक्सिजन नाक सोलून काढतो, इथे तो त्रास नाही. रुग्ण बोलू शकतो, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर खाऊही शकतो.

किंमत मोजावी लागते ती ऑक्सिजनच्या खपात. ६० लिटर, १०० टक्क्यांवर चालवलं तर साधारण ७,००० लिटरचा जंबो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत जंबो सिलिंडरसाठी महाराष्ट्रभर लोक कसे फिरत होते ते आपण विसरलेलो नाही. घरी घेतलेला ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर हे काम का करू शकत नाही, तेही या हिशेबावरून दिसतं.

मग न्यूमोनियात चांगलं काय, एचएफएनसी, सीपॅप की बायपॅप? इथे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. २०१५ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या ३१० रुग्णांत घशात नळी घालायची वेळ एचएफएनसीच्या गटात ३८ टक्क्यांवर आली, साध्या ऑक्सिजनवर ४७ आणि बायपॅपच्या गटात ५०. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, असं आकडेशास्त्र सांगत होतं. पण ९० दिवसांतला मृत्यूचा धोका एचएफएनसीपेक्षा साध्या ऑक्सिजनवर दुप्पट आणि बायपॅपवर अडीचपट निघाला. पुढे कोविडमध्ये ब्रिटनच्या १,२७३ रुग्णांत चित्र वेगळं दिसलं: तीस दिवसांत घशात नळी किंवा मृत्यू हे साध्या ऑक्सिजनवर ४४ टक्के, सीपॅपवर ३६ टक्के, आणि एचएफएनसीचा साध्या ऑक्सिजनपेक्षा ठळक फायदा दिसलाच नाही. इटलीत डोक्यावर पारदर्शक हेल्मेट चढवून त्यातून दाब देतात. तिथल्या १०९ कोविड रुग्णांत हेल्मेटने नळीचं प्रमाण ३० टक्के राहिलं, एचएफएनसीने ५१. २०२४ च्या अखेरीस ब्राझीलमधला मोठा अभ्यास आला, सुमारे १,८०० रुग्णांचा. सात दिवसांत नळी किंवा मृत्यू: एचएफएनसी ३९ टक्के, दाबाचा मास्क ३८ टक्के. जवळपास सारखंच. पण त्यातल्या सीओपीडीच्या गटात रुग्ण फारच थोडे होते, त्यामुळे आजींचा मास्क काढून त्यांना एचएफएनसी लावायला मी तरी धजणार नाही.

एवढे आकडे वाचून गोंधळायला होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होतं. माझं मत असं झालं आहे: थकलेल्या भात्याला दाबाचं मशीन आधी, भरलेल्या फुग्यांना आधी एचएफएनसी किंवा सीपॅप, आणि त्यातलं कुठलं हे त्या विभागातल्या सिस्टर आणि डॉक्टरांचा हात कशावर बसलाय त्यावरही ठरतं. न्यूमोनियात बायपॅपला मी जपून असतो. आधीच घाबरून खोल ओढणाऱ्या रुग्णाला मशीन आणखी खोल श्वास देतं, आणि त्या ताणाने उरलेले चांगले फुगे दुखावतात.

कुठलंही मशीन निवडलं तरी पुढचे काही तास त्या निवडीपेक्षा महत्त्वाचे असतात. भावाचं सॅच्युरेशन दुपारी ९३ होतं. मशीनवर ऑक्सिजन ६० टक्के, श्वास मिनिटाला ३४. रात्री सॅच्युरेशन ९२. घरचे म्हणतात, एकानेच तर कमी झालंय. पण तोपर्यंत ऑक्सिजन ८० टक्क्यांवर नेलाय आणि श्वास ३८ झालाय. यासाठी एक सोपा भागाकार आहे, रॉक्स इंडेक्स. बार्सिलोनाचे ओरिओल रोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो एचएफएनसीवरच्या न्यूमोनियासाठी तपासून दिला. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या हिश्शाने भागायचं, मग श्वासांच्या संख्येने. दुपारी: ९३ भागिले ०.६, भागिले ३४, म्हणजे ४.६. रात्री: ९२ भागिले ०.८, भागिले ३८, म्हणजे ३.०. उत्तर ४.८८ किंवा वर असेल तर बहुधा निभावतं. बारा तासांनी ३.८५ च्या खाली असेल तर बहुधा नाही. सॅच्युरेशन एकाने उतरलं, पण रुग्ण कितीतरी खाली घसरला. नुसता '९२' हा आकडा म्हणूनच फसवा. तो मिळवायला मशीनने किती आणि माणसाने किती जोर लावला, ते सोबत विचारा. मिनिटभर घड्याळ लावून छातीची हालचाल मोजणं तर कुणालाही जमतं.

अशा वेळी आम्ही बाहेर येऊन म्हणतो, आता नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल. आणि उत्तर येतं, "व्हेंटिलेटर तेवढा नको. त्याच्यावर गेलेला माणूस परत येत नाही." ही भीती मी खोटी ठरवत नाही. अनेकांनी घरचं माणूस तसं गमावलेलं असतं. पण त्यातले बरेच जण व्हेंटिलेटरवर उशिरा गेलेले असतात. एचएफएनसी हरतंय हे दिसत असताना दोन-दोन दिवस थांबून नळी घातली तर मृत्यू जास्त होतात, हे दक्षिण कोरियातल्या अभ्यासातही दिसलं आहे.

व्हेंटिलेटरचा जन्मच माणसं परत आणण्यासाठी झाला. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेग्डाम रुग्णालयात पोलिओची मुलं एकामागून एक येत होती. छातीचे स्नायू लुळे पडलेले, आणि 'लोखंडी फुफ्फुस' हे मोठं यंत्र रुग्णालयात एकच. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ऑक्सिजन देऊनही मुलं जात होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं की खरा घात साठलेला कार्बन डायऑक्साइड करतोय, आपल्या आजींसारखाच. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देववून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. ती वाचली. मग दीड हजारांच्या आसपास वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हातांनी पिशव्या दाबल्या. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचं मशीन त्या विद्यार्थ्यांच्या हातांचं काम करतं.

ते काम आता आम्ही पूर्वीपेक्षा हळुवार करतो. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की मोठे श्वास देण्याऐवजी लहान श्वास दिले, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे ६ मिलिलिटर, तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर येतात. २०१३ मध्ये फ्रान्समधून आणखी एक गोष्ट पक्की झाली: फुफ्फुसं फार बिघडलेल्या रुग्णाला रोज बराच वेळ पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ वरून १६ टक्क्यांवर येतात. आपला माणूस पालथा दिसला तर घाबरू नका, पाठीकडचे मिटलेले फुगे उघडावेत म्हणून ते केलेलं असतं. याच्याही पुढे एक्मो आहे, रक्त शरीराबाहेर काढून त्यात प्राणवायू भरणारं. ते मोजक्याच केंद्रांत होतं, खर्च प्रचंड, आणि फार थोड्या रुग्णांना लागतं.

कधी कधी नळी न घालणं हाच योग्य निर्णय असतो. फुफ्फुसं वर्षानुवर्षं झिजून गेलेली, आजार परतणारा नाही, आणि रुग्णाने स्वतः शुद्धीत असताना "मला नळ्या नकोत" असं सांगितलेलं. तिथे बायपॅप किंवा एचएफएनसी हीच शेवटची पायरी ठरवून धाप कमी करायची औषधं देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली, २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. आजींशी हे बोलायचं असेल तर त्या बऱ्या होऊन घरी अंगणात बसलेल्या असताना बोला. आयसीयूच्या दारात, मध्यरात्री, सहीचा कागद हातात असताना हे बोलणं होत नाही.

भावासारख्या तरुण न्यूमोनियात मात्र आम्ही नळीचा आग्रह धरतो. ती घातल्यावर पहिले दिवस झोपेच्या औषधाखाली जातात. फुफ्फुस सुधारलं की रोज सकाळी औषध थांबवून त्याला जागं करतात, अर्धा तास मशीनचा आधार कमीत कमी ठेवून स्वतः श्वास घ्यायला लावतात. जमलं तर नळी काढतात, आणि काढल्यावर पुष्कळदा तीच नाकातली गरम नळी पुन्हा लावतात. यावेळी ती खाली उतरायची पायरी असते. आवाज बसलेला असतो, पहिलं काही मागतो ते पाणी. नीट गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय सिस्टर ते देत नाहीत, तेव्हा बाहेरून आणलेलं शहाळं अजून थोडा वेळ पिशवीतच राहू द्या.